अल्बेनियाला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बेनियात दोनदा राहून आल्यापासून ओळखीच्यांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे आणि पूर्ण अनोळखी लोकांचेही प्रश्न येत राहतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकत्र लिहून ठेवले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ३, ४ आणि ७ हे प्रश्न वाचा. लोकांची सहल अडते ती व्हिसा आणि रोकड या दोनच गोष्टींवर. त्या घरून पक्क्या करून निघालात, की बाकीचं तिथली माणसं सांभाळून घेतात, हा माझा दोन्ही वेळचा अनुभव आहे.

१. अल्बेनिया नेमका कुठे आहे? आणि तिथे बघायचं काय?

ग्रीसच्या वायव्येला. मॉन्टेनेग्रो, कोसोवो आणि उत्तर मॅसेडोनिया हे बाकीचे शेजारी, आणि समुद्रापलीकडे इटली. क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाहून कमी. २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास भरली. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. तिथले लोक आपल्या देशाला ‘श्किपेरी’ म्हणतात.

१९४४ ते १९८५ एन्व्हर होज्जा या हुकूमशहाची सत्ता होती आणि त्या काळात देश जगापासून जवळजवळ तोडलेला होता. त्याने देशभर हजारो काँक्रीटचे बंकर बांधले. शेतात, समुद्रकाठी, शाळेच्या मागे ते अजून दिसतात. राजधानी तिरानामधल्या दोन मोठ्या भूमिगत बंकरांची आता ‘बंक’आर्ट’ नावाची संग्रहालयं झाली आहेत. वेळ एकापुरताच असेल तर भर शहरातलं दुसरं बघा.

याशिवाय बेरात आणि जिरोकास्तर ही जुनी दगडी गावं, बुत्रिंतचे ग्रीक-रोमन अवशेष (तिन्ही जागतिक वारसा यादीत आहेत), उत्तरेतले डोंगर आणि दक्षिणेचा निळा किनारा.

२. किती दिवस काढावेत आणि कोणत्या महिन्यात जावं?

सात दिवसांत घाई होते, दहा पुरतात. मे अखेर ते जून मध्य किंवा सप्टेंबर सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार, आणि दक्षिणेतल्या क्सामिल गावाच्या किनाऱ्यावर टॉवेल पसरायला जागा मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर किनारा वगळा: ऑक्टोबर संपता संपता तिथली बरीच हॉटेलं बंद होतात आणि पाऊस सुरू होतो. त्या दिवसांत तिराना, क्रुया, बेरात आणि जिरोकास्तर एवढंच शांतपणे करा. डोंगरातली पायवाट डोक्यात असेल तर प्रश्न १६ पाहून महिना ठरवा.

३. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो, पण एक मोठी सवलत आहे. तुमच्याकडे शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट), अमेरिका किंवा ब्रिटनचा चालू असलेला, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा असेल आणि तो आधी एकदा तरी वापरलेला असेल, तर अल्बेनियाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं.

असा व्हिसा नसेल तर अल्बेनिया सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर अर्ज करायचा. पासपोर्ट, फोटो, विमान आणि हॉटेलचं आरक्षण, बँकेचं स्टेटमेंट आणि प्रवास विमा हाताशी ठेवा. माझा आग्रह असा, की निदान दीड महिना आधी अर्ज करा आणि उत्तर येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी अल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा एकदा स्वतः वाचा. एजंट ‘सगळं होतंय’ म्हणाला तरी वाचा.

४. माझा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे. किंवा अनेक प्रवेशांचा आहे, पण कोरा आहे. चालेल का?

एकदाच प्रवेशाचा व्हिसा सवलतीत बसत नाही. ई-व्हिसा काढा. आणि इटली बघून अल्बेनिया, तिथून पुन्हा ग्रीस असा बेत असेल तर तो मोडा, कारण अल्बेनियात पाऊल टाकलंत की तुमचा तो एक प्रवेश संपला. ग्रीस तुम्हाला आत घेणार नाही.

अनेक प्रवेशांचा पण कोरा व्हिसा असेल तर क्रम बदला. आधी शेंगेन देशात उतरा, तिथे प्रवेशाची नोंद होऊ द्या, मग तिरानाला जा. मुंबईहून इस्तंबूलमार्गे थेट तिराना गाठलं तर तो व्हिसा वापरलेला धरला जात नाही. ही चूक फार जणांची होते, कारण व्हिसा खरा असतो, चालू असतो, त्यामुळे शंकाच येत नाही.

५. अल्बेनियात घालवलेले दिवस शेंगेनच्या दिवसांत मोजतात का?

नाही. अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही, त्याचा हिशोब वेगळा.

६. मुंबईहून कसं जायचं?

थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे किंवा आखातातून जाणं सगळ्यात सोपं. युरोपातून जाणार असाल तर तिथल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो का ते तपासा; शेंगेनमधल्या दोन विमानतळांवर विमान बदलणार असाल तर लागतोच. तिरानाचा विमानतळ शहरापासून सतरा किलोमीटरवर आहे. तिथून शहराच्या मध्यापर्यंत बस जाते, तिकीट साधारण ४०० लेक.

एक सूचना कळकळीने. पहिल्या वेळी मुंबईच्या चेक-इन काउंटरवर मला पाऊण तास थांबवून ठेवलं, कारण समोरच्या मुलाला प्रश्न ३ मधली सवलत माहीतच नव्हती. तो वरिष्ठांना फोन लावत होता आणि माझ्या मागची रांग वाढत होती. दुसऱ्या वेळी परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या पानाची छापील प्रत सोबत नेली, नियमाच्या ओळीखाली पेनने रेघ मारून. दोन मिनिटांत बोर्डिंग पास हातात. फोनमधला स्क्रीनशॉट पुरत नाही, कागदच न्या.

७. पैसे कसे न्यावेत? कार्ड चालतं का?

चलनाचं नाव लेक. मराठी माणूस ते विसरणं शक्य नाही. ढोबळमानाने १०० लेक म्हणजे एक युरो धरून चाला.

तिरानातली हॉटेलं, मोठी दुकानं इथे कार्ड चालतं. पण बस, छोटी खानावळ, गावातलं अतिथीगृह, भाजीवाला, सगळे रोख घेतात. डोंगरात तर फक्त रोखच, आणि थेथसारख्या गावात एटीएमवर विसंबू नका, उत्तरेतल्या श्कोदर शहरातूनच पैसे काढून निघा. परदेशी कार्डावर बहुतेक एटीएम दर वेळी काही शे लेक शुल्क कापतात, म्हणून चार वेळा थोडे थोडे न काढता एकदाच काढा. एटीएमने ‘तुमच्या चलनात रक्कम हवी का’ असं विचारलं तर नको म्हणा. त्यांचा दर नेहमी महागात पडतो.

भारतातून युरोच्या नोटा नेलेल्या उत्तम. रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. हॉटेलवाले युरो आनंदाने घेतात, पण बाजारात युरो दिलात तर सुटे पैसे लेकमध्ये आणि त्यांच्या दराने येतात.

८. भाजीवालीने सांगितलेला भाव दहापट होता! पर्यटक म्हणून फसवतात का?

बहुधा नाही. तिने ‘जुन्या लेक’मध्ये भाव सांगितला असेल. १९६५ साली अल्बेनियाने चलनातलं एक शून्य काढलं: दहा जुने लेक म्हणजे एक नवा. त्याला साठ वर्षं झाली, पण बोलण्यातलं ते शून्य अजून गेलेलं नाही. आपल्याकडची जुनी माणसं नवे पैसे आले तरी आणे मोजत राहिली, तसंच हे.

बेरातच्या बाजारात एका आजींकडे मी अंजिरं घेतली. त्यांनी ‘दोन हजार’ म्हटलं. मी घाबरत हजाराच्या दोन नोटा पुढे केल्या. त्यांनी दोन्ही परत माझ्या हातात कोंबल्या, माझंच पाकीट उघडायला लावलं, त्यातली २०० ची नोट बोटाने दाखवली आणि वर दोन अंजिरं जास्त टाकली. तेव्हा आकडा ऐकून दचकलात तर एक शून्य मनात काढून बघा. तरी खात्री नसेल तर लिहून दाखवायला सांगा. छापलेले भाव आणि पावत्या नव्या लेकमध्येच असतात.

९. एका गावाहून दुसऱ्या गावी कसं जायचं? रेल्वे आहे का?

रेल्वे विसरा. मोठ्या गावांत बस आहेत आणि सगळीकडे ‘फुर्गोन’ आहेत, म्हणजे आपल्या वडापसारख्या छोट्या गाड्या. फुर्गोन भरली की निघते. समोरच्या काचेवर गावाच्या नावाची पाटी असते, पैसे बहुतेक वेळा उतरताना द्यायचे. तिरानाहून बेरातला जायला सहाशे लेकच्या आसपास लागतात, अंतर दोन-अडीच तासांचं. तिरानाच्या सिटी बसचं तिकीट ४० लेक.

तीन गोष्टी सांभाळा. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर गाड्या विरळ होतात. तिरानात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या गाड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात, नक्की कुठून ते आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा. आणि वेळापत्रक इंटरनेटवर शोधत बसू नका, तिथल्या माणसाला विचारा. त्याला माहीत नसेल तर तो दुसऱ्याला फोन करून सांगेल.

बेरातहून परतताना आमच्या फुर्गोनवाल्याने टोमॅटोचा क्रेट माझ्या पायाशी सरकवला आणि औषधांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. वाटेत एका फाट्यावर एक बाई उभी होती. गाडी थांबली, तिने खिडकीतून हात पुढे केला, मी पिशवी दिली, गाडी सुटली. गावोगावची कुरिअर सेवा याच गाड्यांवर चालते.

१०. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का?

घाटात चालवायची सवय असेल तर जरूर. आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भारतीय परवानाही सोबत ठेवा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, आणि पहिले दोन दिवस वर्तुळांवर आपला हात आपोआप चुकीकडे वळतो. म्हणून तिरानातून सुरुवात न करता शहराबाहेर गाडी ताब्यात घेता आली तर बघा. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की एक बिअरसुद्धा नको.

व्लोराहून हिमाराकडे जाताना ल्योगाराचा बोगदा लागतो. तो २०२४ मध्ये सुरू झाला आणि वेळ बराच वाचवतो. तरी जाताना जुन्या घाटानेच जा. हजार मीटरवरून रस्ता वळणं घेत थेट समुद्राकडे उतरतो, आणि त्याच्यासाठीच तर गाडी घ्यायची. येताना हवं तर बोगदा धरा. गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल तर प्रश्न १९ पाहा.

११. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही राहणार, पण दर वेळी विचारावं लागेल. ‘पा मिश’ म्हणजे मांसाशिवाय, ‘पा वेझ’ म्हणजे अंड्याशिवाय. हे दोन शब्द पाठच करा.

ब्युरेक हा पातळ पदरांचा भाजलेला प्रकार प्रत्येक कोपऱ्यावर मिळतो: ‘मे स्पिनाक’ पालकाचा, ‘मे जाथ’ चीजचा. सकाळी गरम घ्या, दुपारी तो चिवट होतो. फर्गेस म्हणजे सिमला मिरची, टोमॅटो आणि चोथ्यासारखं ताजं चीज मातीच्या भांड्यात शिजवलेलं. भाकरीसोबत खावंसं वाटतं, आणि सुदैवाने मक्याची जाड भाकरी तिथे मिळतेही. मात्र तिरानात फर्गेसमध्ये कधी कधी काळीज घालतात, म्हणून विचारा. जिरोकास्तरचे किफ्की हे भाताचे पुदिना घातलेले गोळे शाकाहारी म्हणून सांगतात, त्यात अंडं असतं. भरलेल्या मिरच्यांत खिमा असू शकतो. घेवड्याच्या रश्श्यात आणि भातात मटणाचं पाणी असू शकतं. वेटर ‘मांस नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या मते तुकडा नाही एवढाच अर्थ असतो, हे लक्षात ठेवून पाण्याचंही विचारा.

जैन मंडळींनी आणि चीजमधलं रेनेटही (दूध विरजायला घालतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य) टाळणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली जागाच घ्यावी. तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं. मसाले आणि पोहे घरून न्या.

आणि ‘धाल’ प्याच. नाव वेगळं, पण ते आपलं ताक, जरा जास्त खारट. जिरोकास्तरच्या चढावर भर दुपारी एका अतिथीगृहाच्या बाईंनी न मागता मोठा पेला आणून ठेवला होता. मी तिला खुणेने सांगितलं की आमच्याकडेही हेच पितात, तर तिने मुलीला आतून बोलावून ते सांगितलं.

१२. मान हलवण्याचा काय प्रकार आहे? मला हो की नाही तेच कळलं नाही.

अल्बेनियात अनेक लोक, विशेषतः वयस्कर, ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात. आपल्याला ते नाही वाटतं. ब्युरेकच्या दुकानात मी ‘पा मिश?’ विचारलं, बाईंनी मान आडवी हलवली, मी ताटली खाली ठेवली. त्यांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘पो, पो.’ ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही. मानेकडे बघू नका, शब्द ऐका. तरुण लोक पर्यटकांसमोर उलट हलवतात, त्यामुळे गोंधळ वाढतोच.

१३. नळाचं पाणी पिता येतं का?

तिरानात आणि किनाऱ्यावर बाटलीचं प्या. डोंगरातल्या झऱ्यांवर गावकरी भरत असतील तर बिनधास्त भरा.

१४. फोनचं काय? युरोपचं सिम चालेल का?

इथे फसायला होतं. अल्बेनिया युरोपीय संघात नाही, त्यामुळे ‘युरोप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ई-सिममध्ये तो देश नसतो. विकत घेण्याआधी देशांची यादी उघडून पाहा. नाहीतर तिथे पोचल्यावर पर्यटकांचं स्थानिक सिम घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. उत्तरेच्या दऱ्यांत रेंज जाते, नकाशे आधी उतरवून ठेवा.

१५. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना नेऊ का?

न्या, पण गावं निवडून. जिरोकास्तर सगळं चढ-उताराचं आहे आणि गुळगुळीत झालेले दगड पावसात भयंकर निसरडे होतात. किल्ल्यापर्यंत टॅक्सीने जा, वरून शहर दाखवा, आणि मुक्काम खालच्या नव्या भागात ठेवा. बेरातमध्ये नदीकाठचा रस्ता सपाट आहे; तिथल्या बाकावर बसून समोरची एकावर एक रचलेली, खिडक्याच खिडक्यांची घरं तासभर बघता येतात. किल्ल्यात आजही कुटुंबं राहतात, तिथपर्यंतही टॅक्सी जाते. श्कोदर पूर्ण सपाट, सायकलींचं शहर. तिरानाजवळच्या दाय्ती डोंगरावर केबल कारने पंधरा मिनिटांत जाता येतं. ‘निळा डोळा’ या झऱ्यापाशी वाहनतळापासून बरंच चालावं लागतं, त्याची तयारी ठेवा. त्यात पोहायला मनाई आहे.

संध्याकाळी ‘जिरो’ चुकवू नका. ऊन उतरलं की अख्खं गाव चांगले कपडे घालून मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारायला निघतं. माझ्या आईला पूर्ण सहलीत सर्वांत जास्त हेच आवडलं.

१६. थेथ ते वालबोना पायवाट आमच्याने होईल का?

सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांना नक्की. सहा ते आठ तास, खिंड साधारण १,८०० मीटरवर. वाट खुणांनी आखलेली आहे, दोर वगैरे काही लागत नाही. जून मध्य ते सप्टेंबर अखेर हा सुरक्षित काळ. त्याआधी खिंडीत बर्फ असतो आणि तो अनुभवाशिवाय ओलांडू नये. सामान श्कोदरच्या हॉटेलात ठेवून एका पाठपिशवीवर जा. परतीला वालबोनाहून फिएर्झाला येऊन कोमान तलावातली बोट घ्या, कड्यांमधून दोन-तीन तासांचा तो प्रवास डोंगराइतकाच सुंदर आहे. बोटीची जागा आधी राखून ठेवा. मेंढपाळांची कुत्री दिसली तर पळू नका, लांबून वळसा घ्या आणि मेंढपाळाला हाक मारा.

१७. मी एकटी जाणार आहे. सुरक्षित आहे का?

मला एकदाही असुरक्षित वाटलं नाही. ‘बेसा’ म्हणजे दिलेला शब्द, आणि दारात आलेल्याला सांभाळणं हा त्या शब्दाचाच भाग मानतात. दुसऱ्या महायुद्धात याच भावनेने अल्बेनियन कुटुंबांनी ज्यूंना घरात लपवून वाचवलं. छोट्या गावांतल्या कॉफीच्या दुकानांत फक्त पुरुष बसलेले दिसतील आणि ते टक लावून बघतील; त्यात बहुतेक वेळा कुतूहलच असतं. रात्री उशिराचा फुर्गोनप्रवास मात्र टाळा, आणि रस्ता ओलांडताना गाड्यांपासून जपा. खरा धोका तोच आहे. मदतीसाठी ११२, पोलीस १२९, रुग्णवाहिका १२७.

१८. मदर तेरेसा यांचं घर तिरानात आहे का?

नाही. त्यांचा जन्म १९१० साली स्कोप्येमध्ये झाला, ते शहर आज उत्तर मॅसेडोनियाची राजधानी आहे. पण त्या वंशाने अल्बेनियन, आणि तिरानाच्या विमानतळाला व एका मोठ्या चौकाला त्यांचंच नाव आहे. भारतातून आलो म्हटलं की हमखास ‘नेना तेरेझा! कलकुता!’ ऐकू येतं.

त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. होज्जाच्या राजवटीत त्या बाहेर पडू शकल्या नाहीत आणि मदर आत येऊ शकल्या नाहीत. १९७२ साली आई गेली, पुढच्या वर्षी बहीण. मदर तिरानात पहिल्यांदा पोचल्या त्या १९८९ मध्ये. विमानतळावर ते नाव वाचताना एवढं माहीत असावं असं मला वाटतं.

१९. कोसोवो, मॉन्टेनेग्रो, मॅसेडोनिया, कॉर्फूही जोडून करता येईल का?

प्रत्येक सीमेचा नियम निराळा, म्हणून एकेक पाहू. कॉर्फू ग्रीसचं बेट आहे: दक्षिणेतल्या सारांदा बंदराहून जलद बोटीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, पण शेंगेन व्हिसा हवा, आणि परत अल्बेनियात यायला प्रश्न ३ मधली अटही पूर्ण हवी. मॉन्टेनेग्रो आणि उत्तर मॅसेडोनिया चालू शेंगेन व्हिसावर ठरावीक दिवस प्रवेश देतात, पण दिवस आणि अटी सारख्या नाहीत. दोन्ही स्वतंत्र तपासा.

कोसोवोबाबत जपून. भारताने त्या देशाला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तिथे पासपोर्ट हरवला तर मदत मिळणं अवघड. शिवाय अल्बेनियातून कोसोवोत शिरून तिथून सरळ सर्बियात जाऊ नका. सर्बिया कोसोवोला स्वतःचाच भाग मानतो आणि अल्बेनियातून कोसोवोत शिरणं त्याच्या लेखी रीतसर प्रवेश नसतो, म्हणून तुमचा प्रवेश बेकायदा ठरवून परत पाठवू शकतो. सर्बियालाही जायचं असेल तर कोसोवोतून आधी बाहेर या आणि तिसऱ्या देशातून जा.

भाड्याची गाडी नेणार असाल तर गाडीवाल्याची लेखी परवानगी आणि सीमेपलीकडचा विमा, ज्याला ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात, दोन्ही आधीच मागून घ्या.

२०. मुलगा अमेरिकन नागरिक आहे, आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर. एकत्र जाता येईल?

येईल. त्याला व्हिसा लागत नाही, अमेरिकन नागरिक वर्षभर राहू शकतात. तुम्हाला मात्र त्याच्यामुळे सवलत मिळत नाही. तुमचा अमेरिकेचा व्हिसा चालू असेल, अनेक प्रवेशांचा असेल आणि त्यावर तुम्ही मुलाकडे जाऊन आला असाल तर प्रश्न ३ प्रमाणे वेगळा व्हिसा नको. नवा पासपोर्ट काढला असेल आणि व्हिसा जुन्यावर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा.

२१. परत येताना उरलेल्या लेकचं काय करायचं?

देशाबाहेर ते जवळपास कुणीच बदलून देत नाही. तिराना सोडायच्या आधी शहरातल्या चलन बदलणाऱ्या दुकानात युरो करून घ्या, विमानतळापेक्षा दर बरा मिळतो. विमानतळाच्या बसचे ४०० लेक आणि एका कॉफीचे पैसे तेवढे बाजूला ठेवा.